ताप, उलटी, गुंगी : लेकरांच्या मेंदूचा टीबी वेळेत ओळखू या

बचत गटाच्या मासिक बैठकीत आपण हप्ता, व्याज, शिल्लक असा पैशांचा हिशोब करतो. आज मी तुमच्याशी दिवसांच्या हिशोबाबद्दल बोलणार आहे. लेकराला ताप कधी आला, उलटी कधीपासून आहे, खेळणं कधी बंद झालं, हे दिवस आईनं किंवा आजीनं नीट लक्षात ठेवले आणि डॉक्टरांना सांगितले, तर एका भयंकर आजारातून लेकरू वाचू शकतं. त्या आजाराचं नाव मेंदूचा टीबी. डॉक्टर त्याला टीबी मेनिंजायटिस किंवा क्षयजन्य मेंदूज्वर म्हणतात.

मी डॉक्टर नाही, गटांचं काम करणारी बाई आहे. पण गडचांदूर, कोरपना, जिवती, राजुरा या आपल्या भागातल्या बैठकांत बोलताना एक गोष्ट कळते. टीबी म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा, दारू पिणाऱ्याचा, खोकणाऱ्याचा आजार, असं आपण धरून चाललो आहोत. तीन वर्षांच्या लेकराला टीबी होतो, तो डोक्यात जातो आणि लेकराला खोकला असेलच असंही नाही, हे आपल्या मनात येत नाही. मनात येत नाही म्हणून उशीर होतो. या आजारात उशिराची किंमत लेकराचे डोळे, कान, हातपाय, बुद्धी, नाहीतर जीव देऊन मोजावी लागते. म्हणून आजचं बोलणं जरा लक्ष देऊन ऐका.

छातीतला जंतू डोक्यात कसा जातो?

केस आणि नखं सोडली तर शरीराच्या कोणत्याही भागाला टीबी होऊ शकतो. गळ्यातल्या गाठी, पोट, हाडं, पाठीचा मणका, मेंदू, सगळीकडे. जंतू मात्र एकच. तो रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी जगाला सांगितला. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात.

हा जंतू अन्नातून, भांड्यातून किंवा पापातून येत नाही. तो हवेतून येतो. घरातलं, शेजारचं कुणी मोठं माणूस फुप्फुसाच्या टीबीनं आजारी असतं. ते खोकतं, शिंकतं, तेव्हा जंतू हवेत जातात. त्याच खोलीत झोपणारं लेकरू श्वासावाटे ते आत घेतं. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा या जंतूला कोंडून ठेवतं. लहान लेकराच्या अंगात तेवढी ताकद नसते. जंतू फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोचतो. तिथं मेंदूच्या आवरणाजवळ एक बारीकशी गाठ तयार होते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती गाठ फुटते आणि जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतात.

आपल्या मेंदूभोवती आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती स्वच्छ पाणी खेळत असतं. मेंदूत ते तयार होतं, बारीक वाटांनी बाहेर येतं आणि पुन्हा रक्तात जिरतं. टीबीमुळे मेंदूच्या तळाशी चिकट, घट्ट द्रव साचतो. पावसाळ्यात नाल्याच्या पुलाखालच्या पाइपात काडीकचरा आणि गाळ अडकला की मागं पाणी कसं तुंबतं, ते आपण पाहतो. मेंदूतही तसंच होतं. पाण्याची वाट बंद झाली की आत पाणी साचतं, मेंदूवर दाब येतो, त्यातून डोकेदुखी आणि उलटी सुरू होते. मेंदूच्या तळाशीच डोळे हलवणाऱ्या शिरा आहेत. त्या दाबल्या गेल्या की डोळा तिरळा होतो. तिथल्याच रक्तवाहिन्यांना सूज आली की मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडतं आणि एका बाजूचा हातपाय लुळा पडतो. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की पुढची लक्षणं पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप समजतात.

कोणत्या लेकराला धोका जास्त?

सगळ्यात जास्त धोका पाच वर्षांखालच्या लेकरांना, त्यातही दोन ते चार वर्षांच्या लेकरांना असतो. घरात कुणाला टीबी झालेला आहे, मग त्याचा इलाज चालू असो, नुकताच संपलेला असो किंवा मध्येच सोडलेला असो, त्या घरातलं लेकरू पहिलं. कुपोषित लेकरू, गोवर होऊन गेलेलं लेकरू, एचआयव्हीची लागण असलेलं लेकरू, बीसीजीची लस न मिळालेलं लेकरू, ही त्यानंतरची. जंतू अंगात शिरल्यापासून साधारण वर्षभरात, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच, हा आजार उठतो. म्हणून घरातल्या माणसाला टीबी निघाला की पुढचं वर्षभर घरातल्या लहान लेकरांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

तीन पायऱ्या

१९४८ सालापासून डॉक्टर या आजाराच्या तीन पायऱ्या धरतात. लेकरू कोणत्या पायरीवर असताना दवाखान्यात पोचलं, त्यावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

पहिल्या पायरीवर लेकरू शुद्धीत असतं. इथंच आपण फसतो, कारण लक्षणं अगदी साधी दिसतात. अंगात कसकस असते, संध्याकाळी ताप चढतो. जेवण नको म्हणतं. वजन वाढत नाही किंवा उतरतं. चिडचिड करतं, मांडीवरून उतरत नाही. अंगणात धावणारं लेकरू कोपऱ्यात बसून राहतं. बोलता येणारं लेकरू डोकं दुखतं म्हणतं. न बोलता येणारं डोक्याला हात लावून रडतं, केस ओढतं. उलटी होते, बरेचदा सकाळी उठल्याउठल्या. जुलाब नसतात, उलट कधीकधी शौचाला घट्ट होते. ही खूण लक्षात ठेवा : जुलाब नाहीत, पण उलट्या थांबत नाहीत, तर बिघाड पोटातच आहे असं धरून चालू नका, डोक्याचाही विचार करा. शाळेत जाणारं लेकरू असेल तर अभ्यासात मागं पडतं, वागणं बदलतं, गुरुजी तक्रार करतात.

दुसऱ्या पायरीवर गुंगी येते. लेकरू भर दिवसा झोपून राहतं, उठवलं तरी नीट बोलत नाही. डोळा तिरळा होतो, पापणी खाली पडते. मान ताठ होते; हनुवटी छातीला लावायला गेलं की लेकरू कळवळतं. झटका येतो. एक हात किंवा एक पाय कमी हलतो. आधी चालणारं लेकरू अडखळून पडू लागतं.

तिसऱ्या पायरीवर लेकरू बेशुद्ध असतं, आईला ओळखत नाही, हातपाय ताठ करतं, श्वास बिघडतो.

पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर जायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. काही लेकरांत त्याहून लवकर सगळं घडतं. म्हणजे देवानं आपल्याला जे काही दिवस दिलेले असतात, ते पहिल्या पायरीवरचेच असतात.

तान्ह्या बाळाची लक्षणं थोडी वेगळी. ते डोकं दुखतं सांगू शकत नाही. अंगावर पिणं सोडतं, बारीक कर्कश आवाजात रडतं, उचलून घेतलं तरी शांत होत नाही. डोक्यावरची टाळू फुगलेली, ताणलेली लागते. डोकं मोठं दिसू लागतं, नजर खाली वळलेली राहते. बसू लागलेलं बाळ बसणं सोडतं. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही, म्हणून त्या खुणेची वाट पाहू नका.

आणखी एक. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा, असं भिंतीवर लिहिलेलं आपण वाचतो. ते बरोबर आहे, पण ते फुप्फुसाच्या टीबीसाठी. मेंदूच्या टीबीत खोकल्याची वाट पाहायची नाही आणि दोन आठवडेही थांबायचं नाही. ताप पाच दिवसांवर गेला आणि सोबत उलटी, डोकेदुखी किंवा सुस्ती असेल, तर लेकराला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. झटका, गुंगी, तिरळा डोळा, ताठ मान किंवा फुगलेली टाळू यांपैकी एक जरी दिसलं, तर दिवस मोजायचे नाहीत. त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं.

मलेरिया की टीबी?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ताप म्हटला की पहिलं नाव मलेरियाचं येतं. ते चूक नाही. मेंदूचा मलेरियाही लेकराला बेशुद्ध करतो, झटके आणतो आणि जीव घेतो. म्हणून ताप आला की आशाताईकडून रक्ताची तपासणी करून घ्यायचीच. फरक साधारण असा : मेंदूचा मलेरिया एक-दोन दिवसांत लेकराला खाली पाडतो, टीबी हळूहळू, दिवसामागून दिवस चढत जातो.

घोटाळा पुढं होतो. तपासणीत मलेरिया नाही असं आलं की घरच्यांना हायसं वाटतं आणि पुढची तपासणी राहून जाते. किंवा मलेरिया निघतो, गोळ्या होतात, तरी लेकरू उठत नाही, आणि आपण अशक्तपणा म्हणून सोडून देतो. कधी टायफॉइड म्हणून सलाईन लागतं, ताप दोन दिवस उतरतो, पुन्हा चढतो. तापाच्या औषधानं ताप दबतो, आत चाललेला आजार दबत नाही. मलेरियाचं औषध पूर्ण होऊनही लेकरू खेळायला लागलं नाही, तर परत जा आणि स्पष्ट विचारा : डॉक्टरसाहेब, हा मेंदूचा टीबी तर नाही ना? घरात कुणाला टीबी असेल तर तेही तिथंच सांगा. लपवू नका. डॉक्टरांना दिशा दाखवणारी याहून मोठी माहिती दुसरी नाही.

आपल्याकडे सिकलसेलही बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या लेकराचा एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडू शकतो, तेही तातडीचंच दुखणं आहे. लेकराचं सिकलसेलचं कार्ड असेल तर सोबत न्या.

नजर लागली, बाहेरचं झालं, हवा लागली, असं म्हणून पुजाऱ्याकडे नेण्याची रीत आपल्या गावांत आहे. कुणाच्या श्रद्धेला मला बोल लावायचा नाही. फक्त क्रम बदला. आधी गाडी, मग नवस. लेकरू दवाखान्यात दाखल झालं की आजी घरी बसून जे करायचं ते करू शकते. पण दोन दिवस झाडफुकीत गेले, तर ते दोन दिवस कोणताही डॉक्टर परत आणून देऊ शकत नाही.

मेंदूतल्या गाठी आणि मणक्याचा टीबी

मेंदूच्या टीबीचं आणखी एक रूप आहे. जंतूंची गाठ न फुटता मेंदूतच वाढते. असं लेकरू बरेचदा चांगलं खेळतं, खातं आणि एक दिवस अचानक झटका येतो. त्याला मिरगी म्हणून सोडून देऊ नका. पहिल्यांदा झटका आलेल्या प्रत्येक लेकराची डॉक्टरांकडून नीट तपासणी व्हायला हवी. अशी गाठ दुसऱ्या कारणांनीही होते, ते डॉक्टर स्कॅन करून ठरवतात.

झटका आला तर काय करायचं, तेही ऐकून ठेवा. लेकराला कुशीवर झोपवा. कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर जिवाला धोका आहे, लगेच १०८ ला फोन करा. थांबला तरी दवाखाना चुकवायचा नाही.

तिसरं रूप मणक्याचं. लेकरू पाठ दुखते म्हणतं, रात्री झोपेत रडतं, खाली पडलेली वस्तू कमरेत न वाकता गुडघ्यात बसून उचलतं. पुढं पाठीला बारीकसं कुबड दिसतं. मणक्यातून जाणारा मज्जारज्जू दाबला गेला की पायांतली ताकद जाते, लघवीवरचा ताबा सुटतो. पाठीवर नवीन उंचवटा दिसला तर मालीश करू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका, एक्स-रे काढून घ्या.

पाठीतलं पाणी : भीती कशाची?

मेंदूच्या टीबीच्या निदानासाठी पाठीच्या खालच्या भागात सुई घालून थोडं पाणी काढतात. या तपासणीला आपल्याकडे फार घाबरतात. पाठीतून पाणी काढलं की लेकरू लुळं होतं, अशी समजूत आहे. काही घरचे सही करत नाहीत, लेकराला उचलून घरी आणतात. म्हणून हे नीट समजून घ्या. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली, जिथं फक्त पाणी आणि मोकळ्या शिरा असतात, तिथं घालतात. काढलेलं पाणी थोड्या वेळात शरीर परत तयार करतं. लेकरू लुळं होतं ते आजारामुळे. आणि सुई उशिरा टोचली गेली म्हणून लोकांना वाटतं की सुईमुळे झालं. सुई घालण्याआधी धोका आहे का, हे डॉक्टर तपासतात, गरज वाटली तर आधी स्कॅन करतात.

त्या पाण्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त आढळली, विशिष्ट पेशी वाढलेल्या दिसल्या, तर टीबीचा संशय घट्ट होतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर जंतूही शोधतात. पण लेकरांच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे यंत्रानं नाही सांगितलं तरी टीबी नाहीच असं होत नाही. मग डॉक्टर छातीचा एक्स-रे, डोक्याचा स्कॅन, सकाळी उपाशीपोटी नळीनं काढलेलं पोटातलं पाणी आणि घरातल्या माणसाचा आजार, हे सगळं एकत्र जुळवून निर्णय घेतात. रिपोर्टात काही निघालं नाही, मग औषध कशाला, असा वाद त्यामुळे घालू नका. या आजारात पक्क्या पुराव्याची वाट पाहत बसणं परवडत नाही.

या आजाराची ओळख पटवण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूच्या विकृतींचे अभ्यासक डॉ. दाराब दस्तूर यांनी टीबी झालेल्या लेकरांचा बारकाईनं अभ्यास केला. १९७० आणि १९७१ साली त्यांचे निबंध परदेशी वैद्यकीय मासिकात छापून आले. मान ताठ नसतानाही, पाठीतल्या पाण्यात ठळक बदल नसतानाही टीबीमुळे लेकराच्या मेंदूला सूज येऊ शकते, झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते, हे त्यांनी मांडलं. अलीकडे पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या आजाराच्या लेकरांवर जास्त मात्रेच्या औषधांचा अभ्यास झाला.

इलाज आहे, पण लांबचा

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. त्याआधी मेंदूचा टीबी झालेलं लेकरू जवळजवळ वाचतच नसे. आज इलाज आहे. पण खरं तेही सांगायला हवं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१४ साली मांडला गेला. इलाज मिळालेल्या लेकरांपैकीही सुमारे १९ टक्के दगावली आणि वाचलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लेकरांत काही ना काही व्यंग राहिलं. जी लेकरं पहिल्या पायरीवर पोचली, त्यांचं नशीब पुष्कळ चांगलं निघालं. आज मी दिवस मोजा म्हणते, ते याचसाठी.

इलाज सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पहिले दोन महिने चार औषधं, त्यानंतर तीन औषधं, असा साधारण वर्षभराचा कोर्स असतो. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे लेकराचं वजन वाढलं की गोळ्या वाढतात. सोबत मेंदूची सूज उतरवायला काही आठवडे स्टेरॉइड देतात. ते डॉक्टर हळूहळू कमी करतात, आपण एकदम बंद करायचं नाही. पाणी फार तुंबलं असेल तर डोक्यातून पोटापर्यंत त्वचेखालून नळी बसवण्याचं ऑपरेशन करावं लागतं. ते ऐकून आईचा थरकाप होतो, पण तुंबलेल्या पाण्याला वाट करून देणं, एवढंच ते काम आहे.

औषध सुरू झालं की लघवी लालसर-केशरी होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. ताप लगेच उतरत नाही. कधीकधी इलाज चालू असतानाही लेकरू काही दिवस जास्त बिघडल्यासारखं दिसतं. अशा वेळी औषध सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. डोळे पिवळे झाले, उलट्या वाढल्या किंवा दिसायला कमी आलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आजारानंतर ऐकू येतं का, नीट दिसतं का, लेकरू वयाप्रमाणे बोलतं-चालतं का, याची तपासणी करून घ्या. व्यंग राहिलं तर व्यायाम आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं लेकरू सुधारतं. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून यासाठी मदत मिळते. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

लेकराला टीबी म्हणजे घरात खोकणारं कुणीतरी आहे

मेंदूचा टीबी झालेलं लेकरू सहसा दुसऱ्याला आजार देत नाही. त्याला वेगळं झोपवायची, वेगळं ताट द्यायची गरज नाही. उलट त्याला ज्याच्याकडून मिळाला, तो माणूस शोधायचा. घरातल्या आणि शेजारच्या प्रत्येक खोकणाऱ्या माणसाची तपासणी व्हायला हवी. आजोबांचा जुना खोकला बिडीचा आहे, काकाचा खर्ऱ्याचा आहे, बाबांचा खाणीतल्या धुळीचा आहे, असं म्हणून सोडायचं नाही. दगड फोडण्याच्या आणि खाणीच्या कामात जिथं सिलिकाची धूळ असते, तिथं टीबीचा धोका वाढतोच.

आणि मैत्रिणींनो, कधी खोकणारी ती आईच असते. सासरी कळलं तर माहेरी पाठवतील, म्हणून ती पदरात तोंड धरून खोकते आणि तपासणी टाळते. तिला दोष देऊन काही होणार नाही. तिच्या सासूशी, नवऱ्याशी बोलायला गटातल्या दोघीतिघींनी सोबत जा. औषध नीट सुरू झालं की साधारण काही आठवड्यांत तिच्यापासून आजार पसरायचा धोका खूप कमी होतो. ती घरात राहूनच बरी होते, हे सगळ्यांसमोर सांगा.

घरात टीबी निघाला की आजार नसलेल्या लेकरांनाही प्रतिबंधक औषध मिळतं. आधी लेकराला टीबी नाही ना हे तपासतात, मग हे औषध सुरू करतात. धडधाकट लेकराला गोळी कशाला, असं वाटून बायका ते सोडतात. पाच वर्षांखालच्या लेकरासाठी ते औषध म्हणजे कुंपण आहे, पूर्ण करा. दुसरं कुंपण बीसीजीचं. जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर ही लस देतात; राहून गेली तर वर्षाच्या आत द्यावी. मेंदूच्या टीबीपासून ती साधारण ७० ते ८० टक्के संरक्षण देते. पूर्ण नाही. म्हणून लस झाली आहे, आता टीबी होणारच नाही, असं समजू नका.

तिसरं कुंपण जेवणाचं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला जादा तांदूळ आणि डाळ दिली. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. तुरीची डाळ, चणे, अंडी, शेंगदाणे आपल्या घरात आहेत. पहिलं ताट लेकराचं, आणि मुलीचंही तेवढंच भरलेलं.

गट काय करू शकतो?

पहिलं, गाडीभाडं. लेकरू गुंगीत असतं आणि घरात शंभर रुपये नसतात, म्हणून माणसं सकाळची वाट पाहतात. गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून लेकराच्या आजारासाठी त्याच दिवशी पैसे द्यायचे, असा ठराव आजच्या बैठकीत लिहून ठेवा. सह्या नंतर घेता येतात. जिवतीच्या पहाडावरून खाली यायला वेळ लागतो. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडतो, हे आपण पाहतोच. त्यामुळे गुंगी असलेल्या लेकराला लहान दवाखान्यात ठेवून वाट पाहू नका; गडचांदूर किंवा राजुऱ्याला प्राथमिक इलाज घेऊन चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणि गरज पडली तर नागपूरच्या मेडिकलला, १०८ च्या गाडीनं पाठवायला सांगा.

दुसरं, सोबत. दवाखान्यात आईसोबत गटातली एक जण राहिली, घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकरांना एकीनं जेवू घातलं, तर आई लेकराला अर्ध्यातून घरी आणत नाही.

तिसरं, वर्षभर आठवण. गटाच्या वहीत त्या लेकराचं एक पान करा. औषध चालू आहे का, वजन किती, पुढची तारीख कोणती, एवढंच लिहा. मिरची तोडायला, कापूस वेचायला कुटुंब तेलंगणात जाणार असेल, तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा. निक्षयमध्ये नोंद असेल तर दुसऱ्या राज्यातही औषध मिळण्याची सोय होते.

चौथं, हक्काचे पैसे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून टीबी रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत. लेकराच्या नावानंही ते मिळतात. बँक खातं जोडलं आहे ना, ते बघा. गट किंवा ग्रामसंघ निक्षय मित्र होऊन रुग्णाच्या घरी शिधाही देऊ शकतो. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत फोन नंबर आहे.

आता घरी जाऊन दोन कामं करा. घरातलं, शेजारचं कुणी खोकतं का, ते आठवा. आणि लेकरू आजारी असेल तर कॅलेंडरवर तापाच्या पहिल्या दिवसाला पेनानं गोल करा. रोज संध्याकाळी बघा : ताप आहे? उलटी आहे? खेळलं का? हाक मारल्यावर वळून पाहिलं का? डॉक्टरांसमोर घाबरून सगळं विसरायला होतं, तेव्हा ते कॅलेंडर पिशवीत घालून न्या. शाळा शिकलेल्या-न शिकलेल्या कोणत्याही आईला हे जमतं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा लेख एकीनं मोठ्यानं वाचा आणि गावातल्या पाच वर्षांखालच्या लेकरांची यादी काढा.